धोका सापडत नाही

पहिल्या हाकेला ते कधीच ओ देत नसत. दुसऱ्या हाकेलाही नाही. समोरच बसलेले असायचे, चष्मा कपाळावर चढवलेला, नाक कॉम्प्युटरच्या काचेला टेकेल इतकं जवळ. आपण म्हणायचं, "सर." काही नाही. "सर." मान हलायची नाही. "अहो सर!" म्हटलं की लगेच, जणू आत्ताच कानावर आलं, "ओ. बोल."

बोईसरमध्ये त्यांना 'तीन हाका सर' म्हणत. नव्या पोरांना वाटायचं, बहिरे आहेत. बहिरे कसले! क्लास हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होता, आणि खाली खिळ्यांचा पुडा पडला तरी हे वर खुर्चीतून उठायचे. क्लासची हजेरीसुद्धा प्रत्येकाला तीनदा हाक मारून घ्यायचे. पहिल्याच हाकेला "हजर" म्हणणाऱ्याकडे संशयाने बघायचे. एक पोरगा एकदा वैतागून म्हणाला, "सर, मी समोर बसलोय. दिसत नाही का?"

"दिसतोयस रे. पण तूच आहेस कशावरून?"

मूळचे ते शिरगावचे. आई सुकी मासळी विकायची. किनाऱ्यावरच्या अंधारात लहान पोरांना शिकवतात तेच तिने यांना शिकवलं होतं, आणि सर ते तिच्याच आवाजात सांगायचे: "पयल्या हाकेला ओ देव नको रं बाबा. मेलेलं मानूस दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक मारील तो जिता हाय." पुढे सर शिकले, मुंबईत कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहून आले, केस पिकले, तरी आईचा धडा काही सुटला नाही.

मी असल्या गोष्टी मानत नाही. जे मानतात त्यांना पत्रकातून झोडपते. सरांनाही तोंडावर म्हटलं होतं, "कॉम्प्युटर शिकवता आणि भुताला घाबरता?"

ते म्हणाले, "भुताला नाही गं. आईने मला हाक मारणाऱ्याला घाबरायला शिकवलं. कॉम्प्युटरने ओ देणाऱ्याला घाबरायला शिकवलं."

तेव्हा मला हे नुसतं चमकदार वाक्य वाटलं. अर्थ पुढे कळला.

मी त्यांच्याकडे गेले ती पत्रकं टाइप करायला. आमची कामगारांची समिती होती. कारखान्यांत माणसं मरतात, भाजतात, खोकून खोकून वाळतात, आणि कागदावर सगळं आलबेल असतं, हे आम्ही पिवळ्या-गुलाबी कागदांवर छापून शिफ्ट सुटताना वाटायचो. सर मला मशीन वापरू द्यायचे, बदल्यात मी सकाळच्या बॅचला टायपिंग शिकवायची. माझा मजकूर ते वाचायचे आणि हळूच सांगायचे, "नराधम काढ. रक्तपिपासूही काढ. आणि हे गेलेल्या माणसाचं आडनाव नीट विचारून घे. नाव चुकलं की हाक चुकते."

एवढा भित्रा माणूस मी पाहिलेला नाही. क्लासमध्ये सगळ्यांच्या चपला बाहेर, यांच्या पायात. का, तर पळायची वेळ आली तर. खुर्ची कायम जिन्याच्या तोंडाशी. खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याचा लाल काठ बांधलेला, वारा कारखान्यांच्या इस्टेटवरून येतोय की डोंगराकडून ते बघायला. इस्टेटवरून आला की खिडकी बंद, रुमाल ओला. पोरं हसायची. बोईसरमध्ये वासाला कोण घाबरतं? कधी सडक्या अंड्यांचा, कधी व्हिनेगरसारखा, कधी वास नाहीच, नुसती डोळ्यांची आग. लोक भाजी घेता घेता म्हणतात, "आज जरा जास्तच सोडलंय," आणि पुढे भेंडीचा भाव करतात.

मग एका कारखान्यातली भट्टी उसळली. भट्टी म्हणजे रसायन शिजवायचं मोठं बंद भांडं. आतलं तापमान हाताबाहेर गेलं की झाकणासकट उडतं. आमची चाळ सरावली गावात, तिथवर तावदानं खळखळली. त्यानंतर मी सरांच्या लुगड्याच्या काठाला हसले नाही.

त्यांची आणखी एक तऱ्हा सांगायलाच हवी. दसऱ्याला सगळे आपापल्या यंत्रांना झेंडू वाहतात. सर कॉम्प्युटरला वाहत नसत. वर्षभरात आलेली सगळ्यात चिवट एरर ते प्रिंटरवर छापून घ्यायचे, भिंतीला चिकटवायचे आणि फूल तिला. "ही बाई खरं बोलते," म्हणायचे. "पोरांनो, एरर आली म्हणजे कुणीतरी जागं आहे. न आलेल्या एररला घाबरा."

त्याच वर्षी शेजारच्याच एका कारखान्याने सरांना काम दिलं. भट्टी उसळल्यापासून वरून दट्ट्या आला होता, धोक्याचा इशारा देणारी व्यवस्था बसवा, सरकारी साहेब तपासणीला येतील म्हणून. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी गणित मांडून दिलं होतं: भट्टीचं तापमान अमुक वेगाने चढलं तर ती उसळेल का, किती वेळात. पण ते गणित होतं गणिताच्या एका खास सॉफ्टवेअरमध्ये. त्यात लिहिलेली ओळ तिथल्या तिथे वाचली जाते आणि चालते. ते सॉफ्टवेअर नसेल तर तो नुसता मजकूर. उलट भट्टीवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम सी-प्लस-प्लसमध्ये, म्हणजे आधी पूर्ण भाषांतर करून पक्का बांधलेला. या पक्क्या प्रोग्रॅमने मागे चालू असलेल्या त्या गणिताला हाक मारायची, उत्तर घ्यायचं, आणि उत्तर वाईट असेल तर भोंगा वाजवायचा. मधला पूल सरांनी बांधायचा.

पुलावर अडत होता तो लिंकर. मला काही कळेना, तेव्हा सरांनी खडू घेतला.

"लिंकर म्हणजे गेटवरचा मुकादम समज. प्रोग्रॅमने ज्यांना ज्यांना हाक मारलीय त्या सगळ्यांची हजेरी घेतो. एखाद्या नावाला कुणी ओ दिली नाही तर म्हणतो, हा गडी सापडत नाही, मी गेट उघडत नाही. ती लिंकर एरर."

"मग गडी आलेलाच नसतो?"

"आलेला असतो गं! पण नाव बदललेलं असतं. हा सी-प्लस-प्लस हाक मारताना नावाला स्वतःच्या शेपट्या लावतो. गडी म्हणतो, हे माझं नावच नाही. मग एक ओळ लिहून त्याला सांगावं लागतं, बाबा, नाव जसंच्या तसं घे. काही ठिकाणी उलट, नावापुढे एक खालची रेघ, अंडरस्कोर, लागते. ती नसली तर गडी ढिम्म."

मी म्हटलं, "आमच्या दादाचं असंच आहे."

माझा भाऊ विलास. त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. पण गेटच्या पासवर नाव काशिनाथ. खरा काशिनाथ मोखाड्याकडचा. पावसात शेत लावायला डोंगरात गेला तो परतला नाही. पास मात्र राहिला. ठेकेदार नवा पास काढत नाही, कारण नवं नाव घातलं की उद्या तो माणूस म्हणणार, मी इतकी वर्षं इथे आहे. म्हणून मुकादम "काशिनाथ" म्हणतो, माझा भाऊ "हाय" म्हणतो, आणि गेट उघडतं. अख्ख्या इस्टेटमध्ये हे चालतं आणि सगळ्यांना माहीत असतं. त्यावर पत्रक काढायचं म्हटलं की आमची आई म्हणायची, "काढ. आणि मग भावाला घरी बसव."

सरांनी खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे लिंक झालाय. पण चुकीचा. तो कामाला कुठे असतो?"

"भट्टीच्या शेडमध्ये. पिंपं लोटायला."

सरांनी उठून लुगड्याचा काठ बघितला. वारा डोंगराकडचा होता. तरी खिडकी लावली.

एकेक करत नावं जुळली. शेवटी एकच उरलं, पण मुख्य. गणिताला धोका किती ते विचारणारं. सरांनी त्याचं नावच 'धोका' ठेवलं होतं. मी फ्लॉप्या आणि चहाचा थर्मास सांभाळायला सरांबरोबर कारखान्यात जायची, तेव्हाची गोष्ट. तिथे भट्टीचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर होता, पाटण्याकडचा, सदा हसतमुख. ते नाव बघून म्हणाला, "सर, फंक्शन का नाम धोखा? किसने दिया आपको?"

"धोखा नही. धोका. मराठी मे डेंजर."

"हमारे यहाँ तो लड़की देती है!"

सगळे हसले. मॅनेजरसाहेब मराठी, पालघरहून गाडीने यायचे. त्यांनी वाकून एरर वाचली. "'धोका' सापडत नाही, असं म्हणतोय ना हा? मग उत्तमच की सर! पेढे मागवा."

पुन्हा हसू. सरांनी तळवे पँटला पुसले. म्हणाले, "साहेब, तपासणी पुढे ढकला. हे नाव सापडेपर्यंत."

तपासणी ढकलली गेली नाही. आदल्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गेलो तर कंट्रोल रूममध्ये खरोखरच पेढे आले होते. इंजिनिअरने एक सरांच्या हातावर ठेवला. "मुँह मीठा कीजिए सर. एरर गया. एक भी नहीं."

सरांनी पेढा हातात तसाच धरला. "कसा गेला?"

"चला गया ना, बस."

"कैसे गया?"

"अरे सर, लिंकर को नाम ही तो चाहिए था। मैंने धोखा नाम का एक खाली फंक्शन डाल दिया। रिटर्न झीरो। लिंकर खुश, साहब खुश। असली वाला बाद में जोड़ लेंगे।"

काशिनाथ आलेला नाही, तर दुसऱ्या कुणीतरी "हाय" म्हणावं. तेच. फक्त इथे "हाय" म्हणणाराही कुणी नव्हता. रिकामी खुर्ची ओ देत होती.

सर खुर्चीत बसले. चाचणीच्या चौकटीत त्यांनी भट्टीचं रोजचं तापमान टाइप केलं. खाली हिरवा दिवा, आणि 'धोका: ०'. मग दुप्पट केलं. हिरवा दिवा. मग लोखंड वितळेल एवढं टाकलं. हिरवा दिवा, शून्य. सर आकडे वाढवत राहिले, जणू कुठल्यातरी आकड्याला तरी आत कुणी किंचाळेल. मी त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होते. भिंतीपलीकडे भट्टीची घरघर, आणि त्या घरघरीत कुठेतरी माझा भाऊ पिंप लोटतोय.

"यात सूर्य आणून टाकला तरी हा शून्यच म्हणेल," सर म्हणाले.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "सर, उद्या स्क्रीनवर एरर दिसता कामा नये एवढंच मला कळतं. तुमचं खरं सूत्र सवडीने घाला."

"मग तोवर भट्टी बंद ठेवा."

"आणि माल कोण देणार? तुमचे वडील?"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे शब्दांचा तोटा नसतो. पण सरच उठले. ओठ पांढरे पडले होते, आणि तोंडातून मुंबईची भाषा पार गेली होती. "नाय," ते म्हणाले. "ह्ये नाय चालायचं. आत मानसं हायेत."

"सर, घरी जा. बीपीची गोळी घ्या."

सर निघाले. चालत नव्हते, जवळजवळ पळत होते, आणि मी मागे थर्मास घेऊन. मला वाटलं, झालं, आता हे रिक्षा पकडणार आणि शिरगावला जाऊन दार लावून घेणार. चपला त्याचसाठी तर पायात असायच्या. गेटबाहेर रिक्षा उभीही होती. सर तिच्यापर्यंत गेले, हात दांड्यावर ठेवला, आणि तिथेच थांबले. वळले. गेटच्या जाळीतून शेडचं तोंड दिसतं. दादा तिथे पिंप आडवं करत होता.

सरांनी हाक मारली, "विलास!"

त्या माणसाला एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. दादाने मान वर केली, आमच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. गेटवर वॉचमन, शेडमध्ये सुपरवायझर. तिथे विलास नावाचा कुणी नव्हता.

मी सरांची बाही ओढली. "सर, नको. त्याचं नाव इथे काशिनाथ आहे. तो जाईल कामावरून."

"म्हाईत हाय मला," सर म्हणाले. "विलास!"

दादाने पिंप धरून ठेवलं होतं. लोटत नव्हता, सोडत नव्हता. वॉचमन हसून म्हणाला, "चाचा, कौन विलास? यहाँ कोई विलास नहीं।"

सरांनी जाळी दोन्ही हातांनी धरली. चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. हाक नव्हतीच ती, ओरड होती. "अरे विलास!"

"ओ!" दादा म्हणाला.

आणि पिंप सोडून चालत गेटकडे आला.

त्या दिवशी भट्टी उसळली नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण आमच्या पत्रकांत 'काही झालं नाही' असं वाक्य कधी नसतं. काही झालं नाही. बॅच निघाली, माल गेला. दादाचा पास ठेकेदाराने गेटवरच काढून घेतला, काशिनाथ खोटा निघाला म्हणून! खोटं कुणी केलं, शिक्षा कुणाला! दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. आम्ही गेटवर पत्रकं वाटत उभे होतो, 'मोठा आकडा टाइप करून बघा' एवढंच मोठ्या अक्षरांत छापलं होतं. आलेल्या साहेबांनी एक पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. आत एकही एरर नव्हती. ते समाधानाने गेले.

दादा महिनाभर सरांच्या नावाने बोटं मोडत होता. "तुझा तो भित्रा सर! स्वतः घाबरला आणि माझं काम घालवलं."

"मग ओ का दिलीस?" मी विचारलं.

तो म्हणाला, "आत गेल्यापासून तिथे कुणी मला माझ्या नावाने हाकच मारली नव्हती गं. दोनदा गिळलं. तिसऱ्यांदा तोंडातून गेलं."

सरांचं कामही गेलंच होतं. पण त्यांनी ते सोडलं नाही. क्लासच्या मशीनवर तोच पूल घेऊन बसायचे. एका दुपारी मी पोरांना टायपिंग शिकवत होते, आणि मागून कॉम्प्युटरच्या छोट्या भोंग्याचा पीऽऽ असा आवाज आला. थांबेचना. वळून बघते तर खुर्ची रिकामी, जिन्यावर चपलांचा धडधडाट. सर खाली रस्त्यावर जाऊन उभे होते. स्वतःच टाकलेल्या खोट्या तापमानाला, स्वतःच बसवलेला इशारा वाजला, आणि स्वतःच पळाले. थोड्या वेळाने वर आले. डोळे ओले. "खालची रेघ," म्हणाले. "नावापुढे एक खालची रेघ हवी होती. एवढंच." मग स्क्रीनकडे बोट दाखवून, "ही खरी ओ. बघ, अंगावर काटा येतो की नाही."

ती फ्लॉपी मी स्वतः कारखान्यात नेऊन दिली. घेतली त्यांनी. बसवली का? मी विचारत राहिले. "प्रोसेसमध्ये आहे," हे उत्तर मला अजून मिळतं. तो भोंगा आजवर एकदाही वाजलेला नाही. मॅनेजरसाहेब म्हणतात, वाजला नाही म्हणजे धोका नाही. मी मात्र रोज त्या न वाजणाऱ्या भोंग्याकडे कान लावून झोपते.

क्लास पुढे बंद पडला. सर शिरगावला परतले. मध्ये मी भेटायला गेले होते. अंगणात सुकी मासळी, दाराच्या चौकटीला तोच लाल काठ, पायात चपला. तीन हाकांनंतर ओ. दादाची चौकशी केली. मी सांगितलं, लागला पुन्हा कामाला. दुसरा कारखाना, दुसरा ठेकेदार. दुसऱ्या भट्टीच्या शेडमध्ये.

"स्वतःच्या नावावर?"

मी मान हलवली. नाही. पुन्हा कुणा दुसऱ्याच्याच पासवर.

"कुठलं नाव?"

मी सांगितलं. ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर हेही काम जाईल, आणि या वेळी दादा मला माफ करणार नाही. सरांनी ते नाव तोंडातल्या तोंडात तीनदा म्हटलं, पाढा पाठ करतात तसं.

आमच्या घरी आईनेही ते पाठ केलंय. भाकरी थापताना तिचे ओठ हलत असतात, मी ऐकलंय. एक दिवस मोठा आवाज झाला, आणि सगळ्या बायका गेटकडे पळाल्या, तर तिला माहीत असायला हवं ना, की पोटच्या पोराला कुठल्या परक्या नावाने हाक मारायची.